कॉम्बी बूम की सी-स्टँड? मान टाकणाऱ्या लाइटची गोष्ट

फोटो काढताना डोक्यावरून लाइट हवाय पण स्टँड फ्रेममध्ये नकोय, इथपर्यंत आला असाल तर खरा प्रश्न दोनच गोष्टींचा उरतो. एक कॉम्बी बूम, म्हणजे साधाच स्टँड पण वरचा पाइप बाहेर काढून आडवा करता येतो (हाच बूम) आणि मागे वजन लटकवायची सोय असते. दुसरा सी-स्टँड, म्हणजे जड स्टँड, आणि त्याला 40 इंची ग्रिप आर्म, म्हणजे आडवा दांडा. मी आधी कॉम्बी घेतला, जवळपास दोन वर्षं त्याच्यावर काढली, मग सी-स्टँड आला आणि आता कॉम्बी कोपऱ्यात रिफ्लेक्टर धरून उभा असतो. माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल, पण म्हणून कॉम्बी टाकाऊ आहे असं नाही हां.

कॉम्बीची लांबी हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. झोपलेल्या माणसावर, मोठ्या टेबलावर, उभ्या मॉडेलच्या मागून केसांवर पडणारा हेअर लाइट, सगळीकडे हात पोचतो. शिवाय हलका, घडी करून बॅगेत जातो, आणि बूम नको असेल तेव्हा निमूट साधा स्टँड होतो. बाहेर जाऊन शूट करणाऱ्याला हे फार मोठं आहे, मला माहितीये.

पण मला ज्याने पिडलं ते सांगतो. एकदा एकाच सेटअपमध्ये तीसेक लोकांचे हेडशॉट होते. डोक्यावर थोडा पुढे सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारी कापडी पेटी), खाली रिफ्लेक्टर, सगळं जमलेलं, लोक येतायत बसतायत जातायत. रात्री कॉम्प्युटरवर फोटो भराभर पुढे ढकलत होतो तर नाकाची सावली चालत होती! पहिल्या माणसाची सावली नाकाच्या बरोबर खाली, छोटीशी, आणि विसाव्यापर्यंत ती एका बाजूला घसरून ओठाच्या कोपऱ्याकडे निघालेली, डोळ्यातला कॅचलाइट, म्हणजे लाइटची चमक, तीही जागा सोडून गेलेली. आधी वाटलं लोकच वाकडे बसले असतील. मग पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवला आणि डोक्यात प्रकाश पडला, लाइटनेच मान टाकली होती. एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत केसभर सरकत असणार, म्हणून समोर उभं राहून कळतच नाही.

कारण साधं आहे. सॉफ्टबॉक्सचं वजन पाइपच्या बरोबर खाली नसतं, थोडं बाजूला असतं. पाइप गोल, क्लॅम्प आतून गुळगुळीत, आवळायला एक नॉब, त्यामुळे पाइप जागच्या जागी स्वतःभोवती फिरत राहतो. मागच्या वजनाने बूम वर-खाली होणं थांबतं, हे फिरणं नाही थांबत. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी क्लॅम्पमध्ये घालून बघितली, काही आठवडे बरं चाललं. मग जोर लावून आवळला तर पाइपला चपटी खूण पडली आणि तो त्याच खुणेवर जाऊन बसायला लागला, म्हणजे आणखीच वैताग. कदाचित माझ्याच पीसचं नशीब तसं असेल, पण दुसऱ्या एका मित्राच्या स्टँडवरही मी हेच बघितलंय.

वजनाचा हिशेबही एकदा करून बघा. लाइट आणि सॉफ्टबॉक्स मिळून 4 किलो, टेकूपासून दीड मीटर पुढे, आणि मागे शेपूट फक्त अर्धा मीटर, तर तोल साधायला मागे 12 किलो लागतात. म्हणजे पाइपचं वजन न धरताच हलक्या स्टँडच्या डोक्यावर 16 किलो. शिवाय छोट्या खोलीत ती मागची सॅन्डबॅग नेमकी असिस्टंटच्या कानाच्या उंचीवर येते ते वेगळंच.

सी-स्टँडचा आर्म म्हणजे 16 मिलीमीटरचा स्टीलचा दांडा, ग्रिप हेडच्या दोन जाड प्लेटांमधल्या खाचेत धरलेला. नीट आवळला की हलत नाही, निदान माझा तरी नाही हलला. एकच गोष्ट पाळायची. आर्म तुमच्यापासून लांब रोखलेला असताना मागे उभे राहा, नॉब उजव्या हाताला यायला हवा. मग लाइटचं वजन खाली ओढतं तेव्हा हेड आणखी आवळलं जातं. उलटं लावलंत तर तेच वजन हेड सैल करत राहतं, आणि मग सी-स्टँडही मान टाकतो, तेव्हा मला शिव्या देऊ नका. सगळ्यात उंच पाय लाइटच्या खाली आणि सॅन्डबॅग त्याच पायावर.

याचा त्रास नाही असं नाही. जड आहे, जिना चढताना आठवण होते. आर्म जेमतेम एक मीटर, आणि वजनदार लाइट असेल तर मी तो पूर्ण बाहेर काढतच नाही, त्यामुळे कधीकधी स्टँडचा पाय फ्रेममध्ये डोकावतो आणि नंतर पुसत बसावं लागतं. आर्मचं मागचं टोक बरोबर डोळ्याच्या उंचीवर येतं, तिथे टेनिसचा बॉल भोक पाडून खोचून ठेवलाय.

चाकांचा मोठा स्टुडिओ बूम, मागचं हँडल फिरवलं की पुढचा लाइट वाकतो तो, एकदा भाड्याच्या स्टुडिओत वापरला. राजेशाही काम आहे. पण त्याला जागाही राजाचीच लागते.

फुल लेंग्थ, फ्लॅट ले (टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे वरून फोटो), किंवा सतत प्रवास असेल तर कॉम्बी घ्या, फक्त त्यावर हलका लाइट आणि छोटा सॉफ्टबॉक्स लावा. चेहरे शूट करत असाल, तेही एकामागोमाग एक, तर मी तरी सी-स्टँडच घेईन.

आणि काहीही घ्या, पहिल्या दिवशी लाइट लावून आर्म आणि क्लॅम्प दोघांवरून एक चिकटपट्टी लावा, जोडावर ब्लेडने कापा, आणि अर्ध्या तासाने या. माझ्या कॉम्बीवर पट्टीच्या दोन कडांमध्ये करंगळीचं नख मावत होतं. सी-स्टँडवरचा काप बघायला मला चष्मा लावावा लागला.