घरच्या पोकरची चिल्लर: ५ पासून, २५ पासून की १०० पासून?

पहिल्यांदा घरी टूर्नामेंट भरवली तेव्हा मी प्रत्येकाच्या पुढ्यात ५०,००० च्या चिप्स मांडल्या होत्या. थाट तर मोठा होता. ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायची सक्तीची रक्कम; छोटी ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड) मात्र २५/५०, म्हणजे प्रत्येकाकडे तब्बल १,००० बिग ब्लाइंड. तीन तास झाले तरी एकही जण बाहेर पडला नव्हता आणि २५ च्या चिप्स टेबलभर नुसत्या लोळत होत्या. तेव्हापासून स्टॅकचा, म्हणजे प्रत्येकाला सुरुवातीला द्यायच्या चिप्सचा, आकडा मी सगळ्यात शेवटी ठरवतो. आधी विचारतो ते असं: सगळ्यात छोटी चिप टेबलावर किती वेळ राहणार आहे, आणि तोवर सुट्टे पुरतील का?

त्याही आधी एक गोष्ट ठरवा, ती म्हणजे टूर्नामेंट खेळायची की कॅश गेम. कॅश गेममध्ये ब्लाइंड रात्रभर तेच राहतात, त्यामुळे छोटी चिपही शेवटपर्यंत राहते. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड टप्प्याटप्प्यानं वाढतात, म्हणून ती तासा-दीड तासात निरुपयोगी होते. दोन्हीकडे एकच वाटप चालवायला गेलं की एकीकडे तरी घोळ होतोच.

टूर्नामेंटपासून सुरुवात करू, कारण निवड खरी तिथेच आहे.

५, २५ की १००

५ पासून सुरुवात केली तर चिप्स ५, २५, १०० आणि पुढे लागेल तेव्हा ५००. ब्लाइंड ५/१० आणि स्टॅक १,०००. वाटप असं: ५ च्या १०, २५ च्या १०, १०० च्या ७. एकूण २७ चिप्स, १०० बिग ब्लाइंड. टेबलावर निम्मे लोक नवखे असतील तर मी डोळे मिटून हीच मांडणी घेईन. ‘चाळीसवर रेज, एकशे वीस’ अशी बोली वाढवणं तोंडी जमतं. ‘अकराशेवर अठ्ठावीसशे’ म्हटलं की नवखा माणूस पत्ते सोडून बेरीज-वजाबाकीत अडकतो. खोट एवढीच की १,००० चा स्टॅक दिसायला किरकोळ वाटतो आणि कुणीतरी ‘एवढ्याशाच?’ म्हणतंच. म्हणू द्या.

२५ पासून सुरुवात म्हणजे २५, १००, ५००, १,००० आणि वर ५,०००. ब्लाइंड २५/५०, स्टॅक ५,००० किंवा १०,०००. टूर्नामेंट म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती हीच मांडणी. सुरुवातीचे ब्लाइंड २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२०० असे हळूहळू चढवता येतात. ७५/१५० ची ती मधली पायरी मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे लोकांना एकदम दुपटीचा धक्का बसत नाही.

१०० पासून सुरुवात केली तर १००, ५००, १,०००, ५,०००. ब्लाइंड १००/२०० आणि स्टॅक २०,०००: १०० च्या १०, ५०० च्या ८, १,००० च्या ५, ५,००० च्या २. एकूण २५ चिप्स. मोठा फायदा म्हणजे छोट्या चिप्स गोळा करून मोठ्या देण्याची कटकट बहुधा एकदाच, तीही थेट ब्लाइंड १,०००/२,००० ला पोहोचल्यावर. तोटा सुरुवातीलाच दिसतो. १००/२०० वरून २००/४०० म्हणजे सरळ दुप्पट. हे टाळायला मध्ये २००/३०० चा टप्पा घालता येतो आणि तो चांगला चालतो, पण स्मॉल ब्लाइंड बिग ब्लाइंडच्या निम्मा नाही हे बघून दर वेळी कुणी ना कुणी ‘हे असं कसं?’ विचारतं. सरावलेल्या मंडळींसाठी ही मांडणी उत्तम. नवख्यांना त्यात फायदा काहीच नाही, फक्त शून्यं वाढतात.

मध्ये ५० ची किंवा १० ची चिप घालण्याचा मोह टाळा. खिशातल्या नोटांमध्ये ५०, २०, १० असे टप्पे असतात म्हणून चिप्सही तशाच हव्यात असं वाटतं. पण नोट आपण बाजारात एकदा मोडतो. चिप्स प्रत्येक डावात मोडाव्या लागतात. दोन लगतच्या चिप्समध्ये चार-पाच पटींचं अंतर असलं की रंग कमी लागतात आणि पॉट, म्हणजे डावात मधे जमलेला ढीग, नजरेनं मोजता येतो. ५०० आणि १,००० मध्ये दुपटीचंच अंतर आहे. तेवढा अपवाद सगळेच चालवून घेतात.

५,००० की १०,०००

इथे लोक विनाकारण वाद घालतात. २५/५० ब्लाइंडला ५,००० म्हणजे १०० बिग ब्लाइंड, १०,००० म्हणजे २००. खेळ किती लांबेल याचा एक ढोबळ हिशेब आहे: टेबलावरच्या एकूण चिप्स बिग ब्लाइंडच्या साधारण वीसपट उरल्या की टूर्नामेंट संपत आलेली असते. दहा जण, प्रत्येकी १०,०००, म्हणजे एकूण १,००,०००. तेव्हा बिग ब्लाइंड ५,००० च्या आसपास पोहोचला की उरकलं. नेहमीच्या चढणीने तो चौदावा टप्पा येतो. वीस मिनिटांचा टप्पा धरला तर पावणेपाच तास. ५,००० च्या स्टॅकने हाच हिशेब अकराव्या-बाराव्या टप्प्यावर, म्हणजे चार तासांच्या आत संपतो. स्टॅक दुप्पट केला तरी वेळ दुप्पट होत नाही, तासाभरानं वाढतो. तो तास तुमच्याकडे आहे का, एवढंच बघायचं. जेवण, गप्पा आणि उशिरा येणारे दोन जण धरून माझ्याकडे तो क्वचितच असतो.

वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ६०,००० चा स्टॅक आणि ३०० बिग ब्लाइंड देतात, मग आपण का नको, असं एक जण हमखास विचारतो. तिथे एकेक टप्पा दोन तासांचा असतो आणि स्पर्धा कित्येक दिवस चालते.

तेवढेच १०,०००, दोन वाटपं

आता मुद्दा सुट्ट्यांचा. १०,००० दोन प्रकारे देता येतात. पहिला: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १,००० च्या ७. एकूण २७ चिप्स. दुसरा: १२, १२, ५ आणि ६. एकूण ३५ चिप्स. दुसऱ्यात हाताला भरगच्च वाटतं, चिप्स खुळखुळवायला मजा येते आणि सुट्टेही मुबलक. पहिल्यात मोजणी झटपट होते, पण कधी कधी अडतं. ७५/१५० चालू आहे, स्मॉल ब्लाइंडवाल्याकडे २५ ची एकच चिप उरलीय. तो १०० ची टाकतो, समोरच्याच्या ढिगातून एक २५ ची उचलतो, आणि पत्ते वाटणारा पिसता पिसता थांबून विचारतो, ‘नक्की किती टाकलेस?’ असं तासात एक-दोनदा होतं. मला चालतं. तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील तर दुसरं वाटप करा.

पण २५ च्या चिप्स चारच्या पटीतच द्या. दहाचा गठ्ठा मोजायला सोपा म्हणून १० द्याव्याशा वाटतात. त्यांचे होतात २५०. मग उरलेले ९,७५० हे १००, ५०० आणि १,००० मध्ये बसतच नाहीत. ८ किंवा १२ दिल्या की स्टॅकची बेरीज नीट लागते आणि नंतर गोळा करतानाही हिशेब सुटसुटीत राहतो. ५ च्या चिप्स असतील तर हाच नियम पाचच्या पटीचा.

गोळा कधी करायच्या हे ब्लाइंडच्या तक्त्यावर ठरतं, आणि तक्ता लिहिताना तिथेच चूक होते. १००/२०० नंतर १५०/३०० ठेवलंत तर ते १५० द्यायला २५ च्या दोन चिप्स लागतात. म्हणजे ती चिप आणखी दोन टप्पे टेबल अडवणार. त्याऐवजी २००/३०० किंवा सरळ २००/४०० घेतलं तर ७५/१५० संपताच २५ च्या सगळ्या उचलून डब्यात. मी दुसरंच करतो.

उरल्यासुरल्या चिप्सचं काय? रीतसर पद्धत अशी की प्रत्येक सुट्या चिपमागे एक उघडा पत्ता वाटायचा; ज्याचा पत्ता मोठा त्याला वरच्या किमतीची चिप. पत्ता सारखाच निघाला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमानं. एकाला जास्तीत जास्त एकच चिप मिळते आणि या शर्यतीत कुणी बाद होत नाही. घरी मात्र ज्याच्याकडे सुट्या उरल्या त्याला एक १०० ची देऊन मोकळं व्हावं. दहा हजारांच्या खेळात ७५ इकडेतिकडे झाल्याने कुणाचं नशीब फिरत नाही.

बाद होऊन पुन्हा चिप्स खरेदी करून येणाऱ्याला २५ च्या चिप्स देऊ नका. त्या टेबलावर आधीच आहेत. त्याला ५०० आणि १,००० द्या, शेजाऱ्याकडून मोडून घेईल.

कॅश गेम असेल तर

इथे फार विचार करण्यासारखं नाही. ब्लाइंड १/२ असेल तर १, ५, २५ पुरे. १०० बिग ब्लाइंड म्हणजे २००: १ च्या १०, ५ च्या १८, २५ च्या ४. १ ची चिप फक्त ब्लाइंडला आणि सुट्ट्याला लागते; राबते ती ५ ची. म्हणून ५ च्या भरपूर ठेवा आणि १ च्या दहा-दहापेक्षा जास्त वाटू नका, नाहीतर कुणीतरी १७ चा रेज १ च्या सतरा चिप्सनी करतो आणि सगळ्यांना मोजत बसावं लागतं. मध्यरात्रीनंतर पॉट फुगले की १०० ची काढा.

डब्यात काय आहे

५०० चिप्सच्या तयार संचात बहुधा १५०, १५०, १००, ५०, ५० अशी पाच रंगांची विभागणी मिळते. वर आकडे छापलेले नसले तर हे चांगलंच आहे, कारण किंमत तुम्ही ठरवता. दहा जणांना १२-१२-५-६ वाटायचं असेल तर १५० वाले दोन रंग २५ आणि १०० ला द्या, प्रत्येकी १२० लागतील. १०० वाला रंग १,००० ला; ६० वाटून ४० हाताशी उरतात, बदलून द्यायला आणि पुन्हा खरेदीला. ५० वाला एक ५०० ला, तो पुरेपूर संपतो. दुसरा ५,००० ला. ८-८-४-७ करायचं असेल तर लागतात २७० चिप्स. म्हणजे ३०० चा संचही चालेल, पण रंगांची विभागणी आधी मोजून बघा, १,००० च्या ७० निघायला हव्यात.

आकडे छापलेल्या चिप्स घेणार असाल तर टूर्नामेंटच्या चिप्स कॅश गेमला वापरू नका. ‘५०० म्हणजे आज ५ समजायचे’ हे रात्री अकरापर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहतं, त्यानंतर नाही.

रंगांचं म्हणाल तर अमेरिकी कॅसिनोंची रूढी पांढरी १, लाल ५, हिरवी २५, काळी १००, जांभळी ५०० अशी आहे. ती पाळलीत तर बाहेरून आलेल्याला सांगावं लागत नाही. फक्त टेबलावरचा दिवा पिवळट असेल तर काळी आणि जांभळी शेजारी ठेवून एकदा लांबून बघा. आमच्याकडे त्या दिव्याखाली एकाने ५०० ची चिप १०० ची समजून टाकली, पॉट जिंकला, आणि अजून तो ते मुद्दाम केल्याचं सांगतो.