मार्करचा आकार विकत घ्यायचा? चारचे दोन स्टार

नवीन अपडेटनंतर या मोबाईल शूटिंग गेमचा रिव्ह्यू बदलतोय. आधी चार स्टार दिले होते, आता दोन.

ग्राफिक्स, मॅप, लॅग यावर सगळ्यांनी लिहिलंय, त्यात शिरत नाही. मला जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे कुठल्याही गेमची सेटिंग्ज मी आधी उघडतो.

इथली बटणं हवी तिथे सरकवता येतात, लहान-मोठी आणि फिकट करता येतात. चर्चगेट-बोरिवली लोकलमध्ये बसायला मिळालं की खेळतो. स्कोपचं, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारं बटण डाव्या हाताला घेतल्यापासून उजवा अंगठा निशाण्याला मोकळा राहतो. चॅटची अक्षरं मुंगीएवढी होती, तीही मध्ये मोठी करता यायला लागली. म्हणून चार स्टार होते.

आता मार्कर, म्हणजे टीममधले चौघं ठिकाण दाखवायला लावतात ते रंगीत ठिपके. मावसभाऊ माईकवर ओरडतो, "दादा, लाल मार्करवर ये, हिरव्यावर नको!" गवतावर मला दोन्ही ठिपके सारखेच मातकट दिसतात. ड्युटरानोपिया मोड (लाल-हिरवा न कळणाऱ्यांसाठीची रंगांची सेटिंग) लावला तर अख्ख्या स्क्रीनवर फिल्टर बसतो, गवतही बदलतं आणि ठिपके परत त्यातच हरवतात. एकाला त्रिकोण, एकाला चौकोन द्या, नाहीतर वर १-२-३-४ टाका, विषय संपला. केवळ रंगावर माहिती सोडू नका, हे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत १९९९ पासून आहे. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये २०२० साली दिसण्या-ऐकण्याच्या वगैरे सोयीचे साठाहून जास्त पर्याय होते, गेमच्या किमतीतच.

इथे नव्या अपडेटमध्ये आकाराचे मार्कर आलेत, पण स्टोअरमध्ये, स्किन (सजावट) म्हणून, २४९ रुपयांना! वर ती स्किन फक्त माझ्या मार्करला लागते. माझा मार्कर कुठे आहे ते मला ठाऊक असतंच, दिसायला हवेत ते बाकी तिघांचे. एवढ्यात माझं मोबाईलचं रिचार्ज होतं. आणि नीट दिसण्याचे वेगळे पैसे का मोजायचे?

सपोर्टला सविस्तर लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं, गेम काढून परत इन्स्टॉल करा. केलं. मार्कर तसेच, आणि लेआउट फोनमध्येच सेव्ह होत असल्यामुळे जुळवलेली सगळी बटणं गेली. अकाउंटला का जोडत नाहीत? तुम्ही निदान लेआउटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तिघांचे मार्कर आकड्यांसकट फुकट दिसायला लागले की स्टार वाढवीन. तोवर सीझन पास घेणार नाही.