चाकांचे लॉकिंग बोल्ट: नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडीची चाके चोरायला काच फोडावी लागत नाही आणि किल्लीही लागत नाही. जॅक आणि कोणत्याही गॅरेजमध्ये असणारा १७ नंबरचा पाना एवढे साहित्य चोराला पुरते. मनीषनगरात आमच्या इमारतीतील पार्किंग अपुरे असल्यामुळे माझी फोक्सवॅगन पोलो रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि अलॉय चाके बसवल्यापासून तिची काळजी वाटत होती. म्हणून लॉकिंग बोल्टचा संच घेतला.

संचात चार बोल्ट आणि त्यांच्या डोक्यावरील नागमोडी खाचेत नेमकी बसणारी एक किल्ली येते. प्रत्येक चाकाच्या पाच बोल्टांपैकी एकच बदलायचा असतो, कारण तो निघाला नाही तर उरलेले चार काढूनही चाक हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरून, सुटत नाही.

खरेदीपूर्वी आटे आणि बैठक (बोल्ट रिमवर जिथे टेकतो त्या जागेचा आकार) या दोन गोष्टी तपासणे अत्यावश्यक आहे. माझ्या गाडीचे बोल्ट एम १४ (१४ मिलिमीटर व्यासाचे), दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेले असून थेट हबमध्ये जातात. मारुती किंवा ह्युंदाईच्या गाड्यांना स्टड (हबमध्येच पक्के बसवलेले आट्यांचे दांडे) आणि नट असतात, त्यामुळे त्यांना लॉकिंग नट घ्यावे लागतात. फोक्सवॅगनच्या मूळ रिमची बैठक गोलाकार असते, तर बाहेरून घेतलेल्या अलॉयची बहुधा ६० अंशांची, शंकूसारखी. बैठक जुळत नसेल तर बोल्ट घट्ट लागल्यासारखा भासतो, पण तो अगदी थोड्या पृष्ठभागावर टेकलेला असल्याने धावत्या गाडीत सैल होऊ शकतो. चोरी टाळण्याच्या नादात हा धोका कोणीही पत्करू नये.

या महिन्यांत मला सर्वाधिक लक्ष द्यावे लागले ते किल्लीकडे. टायरच्या दुकानांत चाके सर्रास एअर गनने खोलतात. तिच्या धक्क्यांनी किल्लीचे नाजूक दात झिजतात किंवा तुटतात, आणि मग आपलेच चाक आपल्याला काढता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी मी स्वतः उभा राहून लॉकचा बोल्ट हाताच्या पान्यानेच सैल करवून घेतो आणि शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन-मीटरवर कसायला सांगतो. कारागीर कुरकुर करतात, पण ऐकतात. किल्लीचा क्रमांक असलेले कार्ड घरी ठेवले आहे, कारण किल्ली हरवल्यास त्याच क्रमांकावरून नवी मागवता येते. किल्ली मात्र डिकीत, स्टेपनीजवळच हवी. समृद्धी महामार्गावर टायर पंक्चर झाल्यावर ती घरी राहिल्याचे लक्षात आले, तर स्टेपनी असूनही तिचा उपयोग नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत गेला तरी बोल्टांना काहीही झाले नाही. पावसाळ्यात मात्र खाचांत चिखल साचून वाळला, आणि किल्ली पूर्ण आत बसेना. जुन्या टूथब्रशने खाच साफ केली की ती व्यवस्थित बसते. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याचा सल्ला काही जण देतात; तो मी मानलेला नाही, कारण घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

हे बोल्ट अभेद्य नाहीत. डोक्यावर सॉकेट ठोकून बसवणारा सराईत चोर साधा लॉकिंग बोल्ट काढू शकतो. म्हणूनच मी डोक्याभोवती मोकळी फिरणारी कडी असलेला प्रकार निवडला. त्यावर ठोकलेले सॉकेट कडीसह नुसते फिरत राहते. तोही छिन्नी-हातोड्याने फोडता येतो, परंतु त्याचा आवाज होतो आणि वेळही लागतो, आणि वस्तीतील रस्त्यावर चोराला नेमके तेच परवडत नाही. आजवर माझी चाके सुरक्षित आहेत. त्याचे सारे श्रेय बोल्टांना देणे योग्य होणार नाही, कारण मी गाडी पथदिव्याखाली, एका बाजूने भिंतीला शक्य तितकी लगटून लावतो. जॅक लावायला जागाच उरू नये, हा त्यामागचा विचार आहे.

मूळ रिम असोत वा बाहेरचे अलॉय, ज्यांची गाडी रात्री उघड्यावर असते त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. बंद आवारात गाडी लावणाऱ्यांना त्याची विशेष गरज नाही.