सांकवाळचं सेंट जोसेफ वाझ सँक्चुअरी, गोव्यात असाल तर जाच

गोव्यात आल्यावर सगळे ओल्ड गोव्याला सेंट झेवियरच्या दर्शनाला जातात, जावंच, पण याच मातीत जन्मलेल्या संताचं, जोसेफ वाझ यांचं तीर्थस्थान दाबोळी एअरपोर्टपासून इतक्या जवळ आहे आणि आपल्या लोकांना पत्ताच नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

जागा छोटी, साधी. ओल्ड गोव्यासारखं सोनेरी काम बघायला मिळणार नाही. त्यांची समाधीपण इथे नाही, ते कँडीला वारले, श्रीलंकेत, १६ जानेवारी १७११ ला. म्हणून थोडी माहिती घेऊन जा, नाहीतर दहा मिनिटांत बघून निघाल. जन्म १६५१ चा, बाणावलीला आईच्या गावी, पण घर सांकवाळचं, पाद्री झाल्यावर याच गावात त्यांनी लॅटिनची शाळा काढली. सिलोनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेली, तर हे १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तिकडे घुसले, तमिळ आणि सिंहली शिकले, कँडीत पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैद झाली, पुढे १६९७ ला देवीच्या रोगाची साथ आली तेव्हा घरचेच लोक आजाऱ्यांना रानात नेऊन सोडत होते आणि हे त्यांना उचलून आणून त्यांची सेवा करत होते. हे सगळं माहीत असताना तिथे हात जोडून बसलं ना, की धर्म कुठलाही असो, भरून येतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी कोलंबोला त्यांना संत जाहीर केलं.

शेजारची जुन्या चर्चची भिंत अजिबात चुकवू नका. आवर लेडी ऑफ हेल्थचं चर्च आगीत गेलं, फक्त पुढची दर्शनी भिंत राहिली. समोरून बघितली तर नक्षीकाम, खांब, खिडक्या सगळं जागच्या जागी, आणि त्या खिडक्यांतून सरळ आभाळ दिसतं. गिलावा निघालाय तिथे लाल चिरे उघडे पडलेत. जुनी वास्तू आहे, कृपा करून वर चढून फोटो काढू नका.

वेलिंगच्या देवळातला लक्ष्मी नृसिंह मूळचा याच गावचा, त्यामुळे गाडी असेल तर दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करा.

शांतता हवी असेल तर आडदिवशी जा. गर्दी आणि कोंकणी मीस (चर्चमधली प्रार्थना) अनुभवायची असेल तर जानेवारीत, १६ च्या फेस्ताआधी (संतांच्या सणाआधी) नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते.

माझ्याकडून पाचपैकी पाच.