दोषयुक्त चुंबकीय जालकाचे सिम्युलेशन: वर्गात उत्तम, प्रकल्पात जपून

चौरस जालकावरील आयझिंग प्रारूप (जालकाच्या प्रत्येक जागेवर ‘वर’ किंवा ‘खाली’ असा स्पिन, म्हणजे एक सूक्ष्म चुंबक, आणि त्याचा शेजाऱ्यांवर प्रभाव) दाखवणारे मोफत प्रोग्राम इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. यंदा एम.एस्सी.च्या वर्गासाठी आम्ही निवडलेल्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचे वेगळेपण असे, की त्यात जालकावरील काही जागा यादृच्छिकपणे रिकाम्या ठेवता येतात. म्हणजे चुंबकीय स्फटिकात मधूनमधून अचुंबकीय अणू बसवल्यासारखी स्थिती तयार होते.

हा भाग फार चांगला जमला आहे. दोष नसताना विशिष्ट उष्म्याचे शिखर, ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये काढलेल्या अचूक उत्तरानुसार, २.२६९ तापमानाच्या आसपास दिसते (एकक: शेजारच्या स्पिनांमधील अन्योन्यक्रियेची ऊर्जा भागिले बोल्ट्झमन स्थिरांक). दहा टक्के जागा रिकाम्या केल्या की क्रांतिक तापमान (ज्याच्यावर चुंबकीय सुव्यवस्था मोडते ते) सुमारे १.९ पर्यंत उतरते, आणि रिकाम्या जागा ४१ टक्क्यांच्या पुढे गेल्या की उरलेले स्पिन सुट्या बेटांत विखुरले जाऊन दीर्घ पल्ल्याची सुव्यवस्था कोणत्याही तापमानाला टिकत नाही. पडद्यावर ही बेटे वेगवेगळ्या रंगांत दिसतात, त्यामुळे फळ्यावर तासभर समजावूनही जे गळी उतरत नाही ते विद्यार्थ्यांना आपोआप कळते.

घनाकार जालकाकडे वळल्यावर मात्र उणीव उघडी पडते. दोषरहित प्रारूपात विशिष्ट उष्म्याचा घातांक (क्रांतिक बिंदूजवळ तो किती वेगाने वाढतो हे सांगणारा आकडा) धन असेल तर दोषांमुळे क्रांतिक वर्तनच बदलते, असा हॅरिस यांचा १९७४ चा निकष आहे. द्विमितीत हा घातांक शून्य असल्याने प्रकरण काठावरचे राहते. त्रिमितीत तो सुमारे ०.११ आहे, आणि दोषांमुळे सहसंबंध लांबीचा (स्पिन किती अंतरापर्यंत एकमेकांशी जुळलेले असतात त्याचा) घातांक ०.६३ वरून ०.६८ च्या घरात जातो. अशा वेळी क्रांतिक बिंदूवर जालक कितीही मोठे घेतले तरी नमुन्यागणिक चुंबकीय ग्रहणशीलतेत (बाह्य चुंबकीय क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादात) पडणारा सापेक्ष फरक शून्याकडे जात नाही, म्हणून दोषांच्या शेकडो मांडण्यांवर सरासरी घेणे अपरिहार्य असते. हा प्रोग्राम एकाच मांडणीवर चालतो आणि त्रुटीपट्ट्या केवळ औष्णिक चढउतारांवरून काढतो. ‘नवी मांडणी’चे बटण दाबले की शिखर त्रुटीपट्टीच्या कितीतरी बाहेर सरकते, पण पट्टी मात्र तेवढीच अरुंद राहते. ही निव्वळ दिशाभूल आहे.

दुसरी तक्रार जाणकारांपुरती. स्पिन उलटवण्याच्या वुल्फ पद्धतीत यादृच्छिक स्पिन निवडून त्याभोवती समूह वाढवला जातो आणि तो एकदम उलटवला जातो. दोष वाढले की सुट्या छोट्या बेटांवर निवड क्वचितच पडते, म्हणून जोडीला एकेक स्पिन तपासणाऱ्या मेट्रोपोलिस पद्धतीच्या फेऱ्या लागतात. येथे दोन्ही पद्धती आहेत, पण एकाच धावेत त्या मिसळता येत नाहीत.

तरीही मी हा प्रोग्राम नाकारणार नाही, कारण यादृच्छिक मांडणीचा बीजांक (ज्या आकड्यावरून मांडणी ठरते तो) स्वतः भरता येतो आणि आकडे फाईलमध्ये उतरवून घेता येतात. प्रकल्प करणाऱ्यांनी बीजांक बदलत धावा घ्याव्यात, सरासरी आणि त्रुटी स्वतः काढाव्यात आणि पडद्यावरच्या त्रुटीपट्ट्या अहवालात मुळीच चिकटवू नयेत.