बाळाला कुशीत झोपवावं का पाळण्यात? आपल्याकडच्या घराचा विचार करून

पहिलं बाळ घरी आलं की हा वाद निघतोच. आजी म्हणते लेकरू मायच्या कुशीतच पाहिजे, अन् पुण्याची आत्या व्हिडिओ कॉलवर सांगते वेगळं झोपवा, सवय लागते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, कूलर एकच, त्यामुळे सगळे एकाच खोलीत झोपणार हे ठरलेलंच, अन् ते चांगलंच आहे. ठरवायचं एवढंच की अंथरूण एक का दोन.

कुशीत झोपवायचा मोठा फायदा म्हणजे रात्रीचं दूध. बाळ चुळबुळलं की माय पडल्या पडल्या पाजते, सिझरचे टाके असले तर उठबस वाचते, अन् जवळ झोपणाऱ्या बाया जास्त महिने अंगावर पाजतात असं अभ्यासांतही दिसलं आहे. पण धोका खरा आहे, घाबरवायला सांगत नाही. नवारीची बाज सैल झाली की मधात झोळ पडते अन् बाळ घरंगळत मायच्या अंगाखाली येते, हिवाळ्यात वाकळ तोंडावर येते, अन् एवढंसं लेकरू ती बाजूला करू शकत नाही. झोपेतच अचानक दगावायचा धोका पहिल्या सहा महिन्यांत जास्त, त्यातही दुसरा ते चौथा महिना.

म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२२ च्या सूचनांमध्ये म्हणते की निदान ६ महिने खोली एक ठेवा, अंथरूण वेगळं, बाळ पाठीवर, गादी कडक अन् सपाट, उशी नको. स्तनपानावर काम करणारे डॉक्टर म्हणतात की धोक्याचं कारण नसेल तर जवळ झोपू द्या, पण जागा आधी नीट करा. घरात कोणी बिडी ओढते, बाप पिऊन झोपते, मायला गुंगीचं औषध चालू आहे, बाळ दिवस भरायच्या आधी झालं किंवा अडीच किलोच्या आतलं आहे, यातलं एकही असेल तर एकाच अंथरुणात नको, यावर दोघांचंही एकमत आहे. दिवसा छातीशी धरून कांगारू केअर भरपूर द्या, ती गोष्ट वेगळी.

पाळण्यात बाळाची जागा त्याची स्वतःची राहते, अंगाखाली यायची भीती नाही. पण दर वेळी उठून काढायचं, पाजायचं, परत ठेवायचं, अन् थकलेली बाई पाजता पाजता सोफ्यावर किंवा खुर्चीतच झोपली तर ते गादीवर झोपण्यापेक्षा कितीतरी वाईट. लुगड्याची झोळी दिवसा, कोणाचं तरी लक्ष असताना ठीक आहे, रात्रभर नको, त्यात पाठ वाकते अन् हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकते.

खाली झोपलं तर पडायची भीती नाही असं बरेच जण म्हणतात, बरोबर आहे, पण पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, झोपलेल्या माणसाला चावते अन् पुष्कळदा चावलेलं कळतही नाही. त्यामुळे खाली झोपायचं झालं तरी मच्छरदाणी पाहिजेच, कडा चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेल्या.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने सपाट तख्तपोस, त्यावर कापसाची कडक गादी, अन् मायच्या हाताशी पाळणा, झोका न देता बांधून ठेवलेला. पाजायचं तख्तपोसावरच, तिथली उशी अन् वाकळ आधीच दूर सारून, म्हणजे डोळा लागलाच तरी जागा तयार असते. बाळ भिंतीकडे फटीत नको, मोठं भावंड त्याच्या बाजूला नको, मधात माय.

वर्ष झाल्यावर कुशीत झोपवा खुशाल, कोणाचं ऐकू नका. फक्त दुसरं बाळ येणार असेल तर मोठ्याला दोन-तीन महिने आधीच आजीजवळ झोपायची सवय लावा, नाहीतर बाळ घरी आलं त्याच रात्री त्याला उठवून तिकडं पाठवता अन् त्याला वाटते, यानंच माही जागा घेतली.