खनिज तेलाच्या वाढीव उत्पादनासाठी पॉलिमर की नॅनोकण?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय निवडतात, तेव्हा नॅनोकण नवे म्हणून ते सरसही असतील असे आधीच गृहीत धरतात. म्हणून ही तुलना.

विहिरीतून खडकात पाणी घालून तेल ढकलले, तरी निम्म्याहून अधिक तेल बहुधा खडकातच राहते. पाणी पातळ असल्याने ते घट्ट तेलाला वळसा घालून सोप्या वाटेने पुढे निघून जाते. खानापूरच्या जांभ्या जमिनीत पाणी झरझर मुरते, चिकोडीकडच्या काळ्या मातीत ते थबकते. खडकाच्या थरांतही असाच भेद असतो. पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, पाण्याला दाट करतो, त्यामुळे पाण्याचा लोंढा एकसंध सरकतो. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्रात, जिथे २००९ साली उत्पादन सुरू झाले, हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. मात्र अधिक उष्णता आणि क्षार यांमुळे नेहमीच्या पॉलिमरचा दाटपणा घटतो.

नॅनोकणांचे काम वेगळे आहे. १ ते १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आकाराचे सिलिकाचे, म्हणजे वाळूतील मुख्य घटकाचे, कण सूक्ष्म छिद्रांत शिरतात, तेल धरून ठेवणाऱ्या खडकाचा पृष्ठभाग तेलाऐवजी पाण्याला धरणारा करतात आणि अडकलेले थेंब मोकळे करतात. प्रयोगशाळेत हे सुरेख दिसते. खाऱ्या पाण्यात मात्र कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, छिद्रे बुजतात. शिवाय विहिरीभोवती किती कण अडकून वाया जातील, यावर खर्च ठरतो.

माझ्या मते आज प्रत्यक्ष क्षेत्रासाठी पॉलिमरच विश्वासार्ह आहे. संशोधनासाठी मात्र दोहोंचे मिश्रण घ्यावे, कारण सिलिकाचे कण पॉलिमरला उष्णतेत टिकायला मदत करू शकतात.